पोटातील गाठ आणि पहिली शस्त्रक्रिया

पोटात गोळा आला, ही तक्रार आपल्या घरांत इतकी जुनी आहे की तिला प्रत्येक घरी एक ठरलेले नाव आणि एक ठरलेला उपाय असतो. कोणी त्यास वायगोळा म्हणतात, कोणी बेंबी सरकल्याचे निदान करतात, तर कोणी पाणथरी वाढली असा निर्णय देऊन मोकळे होतात. भालकी, औराद, बसवकल्याण, हुमनाबाद, आळंद या बाजूच्या वडीलधाऱ्या मंडळींना पोटावर डाग देणे, बिब्ब्याचा चटका लावणे, तेल लावून गोळा चोळून बसवणे हे उपाय चांगले ठाऊक आहेत. यांपैकी पुष्कळ गोळे खरोखरच वायूचे असतात, ते आपोआप ओसरतात आणि यशाचे श्रेय मात्र उपायाला मिळते. परंतु क्वचित प्रसंगी हाताला लागणारा गोळा ओसरत नाही. तो महिन्यामहिन्याने वाढतो आणि तरीही दुखत नाही. अशा गाठींपैकी एका दुर्मिळ वर्गाविषयी या महिन्यात आम्ही लिहिणार आहोत. रोग दुर्मिळ आहे, पण ज्या घरी येतो त्या घराला थोड्या दिवसांत एक मोठा निर्णय घ्यावा लागतो, आणि तो निर्णय पुन्हा फिरवता येत नाही. म्हणून तो घेण्यापूर्वीच चार गोष्टी ठाऊक असलेल्या बऱ्या.

शरीरातील चरबी, स्नायू, तंतुमय पडदे, रक्तवाहिन्या, मज्जातंतूंची आवरणे यांना वैद्यकात मृदू ऊतक म्हणतात. जठर, यकृत, आतडी ही इंद्रिये म्हणजे घरातील सामान मानले, तर मृदू ऊतक म्हणजे त्या सामानाच्या भोवतीचे आणि मधले भरण. या भरणातून उद्भवणाऱ्या मारक गाठींना सारकोमा असे नाव आहे. प्रौढांना होणाऱ्या एकंदर कर्करोगांत मृदू ऊतकांच्या सारकोमाचे प्रमाण सुमारे एक टक्का, आणि त्या एका टक्क्यातीलही दहा ते पंधरा टक्के गाठी पोटाच्या मागील भागात, उदरावरणाच्या पाठीमागे, होतात. चरबीपासून होणारा लायपोसारकोमा आणि गुळगुळीत स्नायूंपासून होणारा लायोमायोसारकोमा हे त्यांतले मुख्य प्रकार होत.

आता थोडा हिशेब करू. २०११ च्या जनगणनेत बीदर जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे १७ लाख आणि कलबुर्गीची सुमारे साडेपंचवीस लाख होती. उदरावरणामागील सारकोमाचे पाश्चात्य देशांतील प्रमाण दर लाख लोकांमागे वर्षाला अर्धा ते एक रुग्ण असे सांगतात. तेच प्रमाण इकडे धरले तर दोन्ही जिल्ह्यांत मिळून वर्षाकाठी वीस ते चाळीस रुग्ण निघतील. आपली लोकसंख्या वयाने तरुण असल्यामुळे प्रत्यक्ष संख्या याहूनही कमी असावी. हे थोडे रुग्ण अनेक तालुक्यांत, अनेक दवाखान्यांत विखुरलेले असतात. तालुक्याच्या गावी पंचवीस वर्षे निष्ठेने काम करणाऱ्या, हर्नियाची आणि अपेंडिक्सची हजारो ऑपरेशने केलेल्या कुशल शल्यवैद्याच्या हातीही अशी गाठ उभ्या आयुष्यात एकदा किंवा दोनदाच येणार. यात त्यांचा काही उणेपणा नाही. दुर्मिळ या शब्दाचा अर्थच तो आहे. आजच्या लेखातील पुढचे सारे विवेचन या एका गोष्टीतून निघते.

उदरावरणामागची जागा मोठी आणि सैल असते. मूत्रपिंडे, महारोहिणी, महाशीर आणि कण्याचे स्नायू यांच्या सभोवती चरबीचा जाड थर असतो. तेथे गाठ वाढू लागली की तिला प्रथम कोणाला ढकलावे लागत नाही, चिरडावेही लागत नाही. म्हणून रुग्णाला वेदना नसते. पुढे ती मूत्रपिंड बाजूला सारते, आतडी पुढे लोटते, तरी अन्न उतरते आणि शौचासही होते. नारळाएवढी किंवा त्याहून मोठी होईपर्यंत ती अशी दबा धरून बसू शकते. मग केव्हातरी लक्षात येते की हातपाय वाळत चालले आहेत आणि पोट मात्र पुढे येत आहे. विजारीची नाडी अपुरी पडते. दोन घास खाल्ले की पोट भरते. एकाच पायाला सूज येते. घरातील मंडळी म्हणतात, वय झाले, पोट सुटले. स्त्री असेल तर शेजारीण दिवस गेल्याचा तर्क करते. पोट वाढत असून अंग रोडावत असेल, तर तो सुखवस्तूपणा समजू नये. ही एवढी एक खूण आमच्या वाचकांनी ध्यानात ठेवली तरी पुष्कळ झाले. आणि अशा पोटावर मालिश करणे, ते जोराने दाबणे, चोळणे हे कटाक्षाने टाळावे.

हाताला गाठ लागली म्हणजे सारकोमाच झाला असे मात्र कोणी समजू नये. आपल्या भागात पोटाच्या गाठीची याहून कितीतरी अधिक नेहमीची कारणे आहेत. पोटातील क्षयरोगाने आतडी आणि ग्रंथी एकत्र चिकटून गोळा होतो आणि तो औषधांनी बरा होतो. मेंढ्या आणि कुत्री यांच्या सहवासात राहणाऱ्यांना फीतकृमीच्या एका जातीमुळे पाण्याने भरलेली हायडॅटिडची गाठ होते. तिला न ओळखता सुई टोचली तर आतले पाणी पोटात पसरून अनर्थ ओढवू शकतो. लिम्फोमा नावाचा ग्रंथींचा कर्करोग पोटाच्या मागे हुबेहूब सारकोमासारखा दिसतो, पण त्याचा उपचार औषधांचा आहे, चाकूचा नाही. तरुण पुरुषाच्या पोटातील गाठ ही पुष्कळदा वृषणाच्या रोगाची असते, विशेषतः ज्याचा एक वृषण बालपणी खाली उतरलेला नसतो त्याच्या बाबतीत. रक्ताच्या साध्या तपासणीने ती ओळखू येते आणि औषधांनी बहुधा बरी होते. स्त्रियांच्या बाबतीत अंडाशयाची आणि गर्भाशयाची गाठ आधी पाहावी लागते. तात्पर्य, बाहेरून सारख्या दिसणाऱ्या पाच-सहा गाठींचे उपचार एकमेकांहून अगदी वेगळे, काही ठिकाणी तर परस्परविरुद्ध आहेत. ‘आधी पोट उघडू, मग पाहू काय निघते ते’ हा मार्ग म्हणूनच घातक ठरतो.

एके काळी त्यावाचून गत्यंतर नव्हते. हाताने चाचपणे, बेरियम पाजून क्ष-किरणांनी चित्र घेणे आणि मूत्रपिंडे कोठे सरकली आहेत हे पाहणे, एवढीच साधने वैद्यांच्या हाती होती. गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांनी सिद्ध केलेल्या सी.टी. यंत्राने १९७१ च्या ऑक्टोबरात लंडन येथे पहिल्या रुग्णाचा मेंदू पाहिला, आणि पुढे काही वर्षांतच पोटाच्या आतील चित्रही दिसू लागले. १९७९ साली त्यांना आणि अॅलन कॉर्मॅक यांना त्याबद्दल नोबेल पारितोषिक मिळाले. आज हे यंत्र जिल्ह्याच्या ठिकाणी असते. तेव्हा न पाहता पोट उघडण्याला सबब उरलेली नाही.

योग्य तपासणीचा क्रम असा आहे. प्रथम सोनोग्राफी, तिच्यावरून गाठ आहे एवढे कळते. नंतर शिरेतून औषध देऊन काढलेला छाती, पोट आणि ओटीपोट यांचा सी.टी. स्कॅन. गाठ कोणत्या इंद्रियाची, तिने कोणाला वेढले आहे, त्यात चरबी किती, दुसऱ्या बाजूचे मूत्रपिंड काम करते की नाही, फुप्फुसांत काही उतरले आहे काय, या सर्व प्रश्नांची उत्तरे त्यातून मिळतात. तिसरी पायरी बायॉप्सीची, म्हणजे गाठीचा बारीक तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याची. येथे आमच्या मंडळींत एक भीती खोल रुजली आहे, ती म्हणजे ‘सुई लावली की गाठ भडकते.’ ही भीती या रोगापुरती तरी अनाठायी होय. सी.टी. किंवा सोनोग्राफी पाहत पाहत, पाठीच्या वा कुशीच्या बाजूने जाड सुईने काढलेल्या तुकड्यामुळे गाठ पसरण्याची शक्यता फारच अल्प असते, असा जगभरच्या केंद्रांचा अनुभव आहे. उलट पोट उघडून गाठीला छेद देऊन तुकडा काढणे हे खरे धोक्याचे, कारण त्यात गाठीच्या पेशी उदराच्या पोकळीत सांडतात.

तुकडा काढल्यावरही काम संपत नाही. सारकोमाचे अनेक पोटप्रकार आहेत आणि ते ओळखणे भल्याभल्या विकृतिशास्त्रज्ञांनाही कठीण जाते. साधी चरबीची निरुपद्रवी गाठ आणि संथपणे वाढणारा लायपोसारकोमा यांत फरक करण्यासाठी एमडीएम२ नावाच्या जनुकाची तपासणी करावी लागते. म्हणून काचपट्ट्या आणि मेणाचा ठोकळा, ज्यात तो तुकडा कायमचा जपून ठेवलेला असतो, अनुभवी प्रयोगशाळेकडे दुसऱ्या मतासाठी पाठवण्याची प्रथा आहे. हा ठोकळा मागून घेण्यात संकोच करू नये. दुसरे मत मागितले म्हणून पहिल्या डॉक्टरांचा अवमान होत नाही, आणि जाणते डॉक्टर तसे मानीतही नाहीत.

आता शस्त्रक्रियेकडे वळू. आपल्याकडील सुश्रुतसंहितेत अर्बुदाचे वर्णन आहे. गोल, स्थिर, खोल मुळांची, हळूहळू वाढणारी आणि न पिकणारी गाठ ती अर्बुद, असे त्याचे लक्षण दिले आहे. त्याच ग्रंथाच्या चिकित्सास्थानात असे बजावले आहे की अर्बुदाचा काही अंश मागे राहिला तर ते लवकरच पुन्हा वाढते. इतक्या जुन्या काळी केलेले हे निरीक्षण आजच्या सारकोमाच्या शस्त्रक्रियेचे मूलसूत्रच आहे. गाठीभोवती एक चकचकीत वेष्टन दिसते. आंब्यातून कोय काढावी तशी त्या वेष्टनातून गाठ सोलून काढण्याचा मोह अननुभवी हाताला होतो. पण ते खरे कवच नव्हेच. वाढत्या गाठीने सभोवतीचे ऊतक दाबून तयार झालेला तो एक खोटा पापुद्रा असतो, आणि त्याच्या आत-बाहेर गाठीच्या पेशी पसरलेल्या असतात. सोलून काढलेली गाठ टेबलावर अखंड दिसते, नातेवाईक समाधान पावतात, आणि दोन वर्षांनी ती पुन्हा उभी राहते. दुसऱ्या वेळी आतडी चिकटलेली असतात, पडद्यांच्या नैसर्गिक सीमा मोडलेल्या असतात, गाठ एकाऐवजी चार ठिकाणी असते. पहिल्या शस्त्रक्रियेत जे साधते ते दुसऱ्या वेळी क्वचितच साधते, ते या कारणाने.

म्हणून अनुभवी शल्यवैद्य गाठीला हात न लावता, तिच्या भोवतालच्या अवयवांसकट ती एकसंध उचलतात. त्या बाजूचे मूत्रपिंड, मोठ्या आतड्याचा एक भाग, कण्यालगतच्या स्नायूचा थर, प्रसंगी प्लीहा, ही सारी गाठीबरोबर जातात. इटलीतील मिलान येथील आणि फ्रान्समधील शल्यवैद्यांनी २००९ साली या विस्तृत पद्धतीचे अनुभव प्रसिद्ध केले, आणि गाठ त्याच जागी पुन्हा येण्याचे प्रमाण तिच्यामुळे घटते असे दाखवले. तेव्हापासून जगभर तिची चर्चा झाली आणि निवडक रुग्णांत ती स्वीकारली गेली. चांगले मूत्रपिंड का काढले, असा प्रश्न घरच्यांना पडतो आणि तो स्वाभाविक आहे. गाठीला चिकटलेला अवयव वाचवण्यासाठी गाठीचा अंश मागे ठेवणे हा फार महागडा सौदा होय, हे त्याचे उत्तर. अर्थात दुसरे मूत्रपिंड धड आहे, याची खात्री आधीच करून घेतलेली असते. प्लीहा काढावी लागेल असे वाटले तर काही लसी शक्य तोवर दोन आठवडे आधी दिल्या जातात. अशा शस्त्रक्रियेस पुष्कळ तास लागतात. रक्तवाहिन्यांचे, आतड्यांचे आणि मूत्रमार्गाचे शल्यवैद्य एकत्र हवेत, भूलतज्ज्ञ मुरलेला हवा, रक्तपेढी हाताशी हवी आणि नंतर अतिदक्षता विभाग हवा. एका माणसाच्या हातोटीवर हे काम होत नाही, त्याला पथक लागते.

शस्त्रक्रियेपूर्वी किरणोपचार दिले तर लाभ होतो काय, हे पाहण्यासाठी युरोप-अमेरिकेतील २६६ रुग्णांवर एक मोठी तुलना झाली आणि तिचे निष्कर्ष २०२० साली प्रसिद्ध झाले. सर्व प्रकारच्या गाठींचा एकत्रित विचार करता किरणोपचारांनी फायदा दिसला नाही. लायपोसारकोमाच्या काही प्रकारांत थोडा लाभ असावा, असे मत पुढे आले. आजही नीट केलेली पहिली शस्त्रक्रिया हाच या रोगावरचा मुख्य उपाय आहे.

याच वर्गात मोडणाऱ्या पण वेगळ्या वागणुकीच्या दोन गाठी सांगितल्याच पाहिजेत. पहिली जठराच्या किंवा आतड्याच्या भिंतीतून निघणारी, जिला जिस्ट या संक्षिप्त नावाने ओळखतात. जपानमधील संशोधकांनी १९९८ साली तिच्या मुळाशी किट नावाच्या जनुकातील बिघाड असल्याचे दाखवले. इमॅटिनिब नावाची गोळी याच बिघाडावर चालते हे कळल्यावर या रोगाचे भवितव्यच पालटले. लहान गाठ शस्त्रक्रियेने निघते. मोठी गाठ काही महिने गोळी देऊन आधी आक्रसवता येते, आणि धोका अधिक असेल तर शस्त्रक्रियेनंतर तीन वर्षे गोळी घेण्याचा प्रघात आहे. ही गाठ ठिसूळ असते. काढताना ती फुटली तर पोटभर तिचे बी पेरले जाते. या गोळीशी आपल्या देशाचा एक महत्त्वाचा निवाडा निगडित आहे. १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नोव्हार्टिस कंपनीचा या औषधाच्या एका रूपावरील पेटंटचा दावा फेटाळला. कंपनीच्या गोळीला महिन्याला लाखावर रुपये पडत, तर देशी कंपन्यांची तीच गोळी दहा हजारांच्या आत मिळे, असे त्या वेळच्या बातम्यांत होते. न्यायालयातील कलम-पोटकलमांचा वाद शेवटी एखाद्या शेतकऱ्याच्या औषधाच्या चिठ्ठीपर्यंत कसा येऊन पोहोचतो, याचे हे उदाहरण आहे.

दुसरी गाठ डेस्मॉइड. योहानेस म्युलर या जर्मन शास्त्रज्ञाने १८३८ साली कंडरेसारख्या चिवटपणावरून तिला हे नाव दिले. ती बहुधा तरुण स्त्रियांच्या पोटाच्या भिंतीत, पुष्कळदा बाळंतपणानंतर, उद्भवते. ती दूरवर पसरत नाही, पण कापल्यावर पुन्हा येण्याची तिला खोड आहे. पूर्वी तिच्यावर लगेच शस्त्र चालवीत. आता बहुतेक ठिकाणी आधी काही महिने नुसते लक्ष ठेवतात, कारण काही गाठी वाढायच्या थांबतात आणि काही आपोआप आक्रसतात. वाढलीच तर औषधे आहेत. सिझेरियनच्या व्रणाजवळ पाळीच्या दिवसांत दुखणारी गाठ असेल तर ती बहुधा याहून निराळी, गर्भाशयाच्या अस्तराची असते, आणि ती मारक नसते. म्हणजे एका गाठीसाठी तातडी, दुसरीसाठी गोळी आणि तिसरीसाठी धीर. कोणती कोणाची, हे आधी तुकडा तपासल्याशिवाय कसे कळणार?

पोटातील मोठी गाठ काढण्याच्या इतिहासात अमेरिकेतील एका बाईचे नाव आदराने घेतले जाते. १८०९ साली केंटकी प्रांतातील जेन टॉड क्रॉफर्ड यांचे पोट इतके वाढले होते की त्यांना जुळे होणार, असे समजले गेले. ईफ्राइम मॅक्डॉवेल या शल्यवैद्यांनी येऊन तपासले आणि हा गर्भ नसून अंडाशयाची गाठ आहे असे स्पष्ट सांगितले. माझ्या गावी येत असाल तर शस्त्रक्रिया करून पाहतो, असेही ते म्हणाले. ती बाई घोड्यावरून सुमारे साठ मैलांचा प्रवास करून डॅनव्हिलला गेली. भुलीचे औषध तेव्हा नव्हते. दहा किलोंच्या आसपास भरलेली ती गाठ सुमारे पंचवीस मिनिटांत निघाली आणि ती बाई पुढे तीस वर्षांहून अधिक काळ जगली. ही गाठ मृदू ऊतकाची नव्हती. तरी आधी निदान, मग योग्य ठिकाणी प्रयाण आणि मग शस्त्र, हा क्रम तिने दोनशे वर्षांपूर्वी पाळला, हे आम्हांस विशेष वाटते.

पुढे भूल आली, आणि भुलीच्या इतिहासात आपल्या प्रदेशाचेही एक पान आहे. बीदर आणि गुलबर्गा हे जिल्हे ज्या निजामाच्या राज्यात होते, त्याच्या राजधानीत, हैदराबादेत, १८८८ आणि १८८९ साली क्लोरोफॉर्मच्या सुरक्षिततेचा तपास करण्यासाठी एडवर्ड लॉरी यांच्या पुढाकाराने दोन आयोग बसले आणि निजामांनी त्यांचा खर्च उचलला. त्यांचे निष्कर्ष पुढे सर्वस्वी टिकले नाहीत. तरी ज्या मुलखाला आज मागास म्हणतात, तेथे हा प्रश्न प्रयोग करून तपासला गेला होता, ही गोष्ट लक्षात राहावी अशी आहे.

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. समजा, औराद तालुक्यातील एका कुटुंबाच्या कर्त्या पुरुषाच्या पोटात अशी गाठ निघाली. सोयाबीनचे पैसे अजून हाती यायचे आहेत. डॉक्टरांची चिठ्ठी इंग्रजीत, कचेरीतील अर्ज कन्नडात आणि घरातील बोलणे मराठीत. अशा वेळी जवळच्या शहरात कोणी म्हणाले, ‘परवा या, काढून टाकू,’ तर ते शब्द देवासारखे वाटतात. याउलट कोणी प्रामाणिकपणे म्हणाले, ‘हे आमच्या आवाक्यातील काम नव्हे, मोठ्या केंद्रात जा,’ तर घरच्यांना वाटते की यांनी हात झटकले. आमच्या मते हा समज उलटा केला पाहिजे. ज्या डॉक्टरांनी ‘हे आम्ही करू नये’ असे सांगितले, त्यांनी आपली फी सोडून रुग्णाची पहिली संधी राखली. आपल्या समाजात ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांचा सत्कार होतो आणि नकार देणाऱ्यांविषयी चार शब्द बरे बोलले जात नाहीत. या रोगाच्या बाबतीत तरी तो नकार हा उपचाराचा पहिला भाग आहे. ही गाठ बहुधा महिन्यांच्या मापाने वाढते. आतडे अडले किंवा रक्तस्राव झाला तर गोष्ट वेगळी, तेव्हा जवळच्या ठिकाणीच धाव घेतली पाहिजे. एरवी नीट तपासणीसाठी आणि योग्य ठिकाणी पोहोचण्यासाठी दोन-तीन आठवडे लागले म्हणून बिघडत नाही. चुकीच्या पहिल्या शस्त्रक्रियेने मात्र बिघडते.

सीमाभागातील आपल्या मंडळींना एक सोय अशी की वाटा अनेक बाजूंनी फुटतात. सुरुवात आपल्या जिल्ह्यातच करावी. बीदर येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. कलबुर्गीत शासकीय महाविद्यालयाखेरीज १९६३ पासूनचे महादेवप्पा रामपुरे वैद्यकीय महाविद्यालय आणि बेंगळुरूच्या किडवाई संस्थेचे कर्करोग केंद्र आहे. स्कॅन, रक्ततपासणी आणि पुढे पाठवण्याचे पत्र ही कामे तेथे होतात. बीदर-कलबुर्गी लोहमार्ग २०१७ च्या ऑक्टोबरात सुरू झाल्यापासून ही ये-जा सुकर झाली आहे. पुढे जायचे तर हैदराबादेत मेहदी नवाज जंग कर्करोग संस्था, बेंगळुरूत किडवाई आणि मुंबईत परळचे टाटा स्मारक रुग्णालय, जे १९४१ च्या फेब्रुवारीत सुरू झाले. सोलापूर जिल्ह्यातील बार्शीचे नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय आपल्या लोकांच्या परिचयाचे आहे. तेथे १९८७ पासून ठेवलेली कर्करोगाची नोंदवही ही ग्रामीण भारतातील पहिली होय. प्रत्येक ठिकाणी एकच प्रश्न विचारावा : पोटाच्या मागील सारकोमाची शस्त्रक्रिया येथे नियमाने होते काय, आणि निर्णय अनेक तज्ज्ञ एकत्र बसून घेतात काय?

पैशाची अडचण खरी आहे. २०१८ पासून कर्नाटकात आयुष्मान भारत आणि आरोग्य कर्नाटक यांची एकत्रित योजना आहे. तिच्यात दारिद्र्यरेषेखालील कुटुंबास वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांची तरतूद असून मोठ्या उपचारासाठी सरकारी रुग्णालयाचे पत्र महत्त्वाचे असते. सीमाप्रश्न ज्यांच्याविषयी आहे त्या ८६५ गावांतील लोकांना आपली महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजना लागू करण्याचा निर्णय महाराष्ट्र शासनाने २०२३ साली जाहीर केला. त्यावर दोन राज्यांत वाद झाला. त्या वादात आम्ही येथे शिरत नाही. रुग्णाच्या नातेवाइकांनी घर सोडण्यापूर्वीच आपले कार्ड कोणत्या रुग्णालयात चालते याची त्या रुग्णालयात चौकशी करावी, इतकेच सांगतो. मुंबईत राहण्याची पंचाईत होते. तेथे दादरची संत गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा परगावच्या कर्करुग्णांना आधार देत आली आहे.

शस्त्रक्रिया यशस्वी झाली म्हणजे प्रकरण मिटले, असे या रोगात होत नाही. पहिली दोन-तीन वर्षे दर तीन-चार महिन्यांनी, मग पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी आणि पुढे वर्षातून एकदा स्कॅन करून घ्यावा लागतो. संथ जातीचा लायपोसारकोमा दहा वर्षांनीही पुन्हा येऊ शकतो. प्रकृती ठणठणीत असताना रानातले काम टाकून दूरच्या गावी तपासणीला जाणे जिवावर येते, हे आम्ही जाणतो. पण लवकर सापडलेली गाठ पुन्हा काढता येते, उशिरा सापडलेली बहुधा नाही.

शेवटी घरातील गृहिणींना आणि शिकत्या मुलांना एक विनंती. अशा रुग्णाचे कागद एका जाड फाइलमध्ये तारीखवार लावून ठेवावेत. स्कॅनच्या तबकड्या, बायॉप्सीचे अहवाल, मेणाच्या ठोकळ्याचा क्रमांक, शस्त्रक्रियेची लेखी हकीकत आणि गाठीचा अंतिम अहवाल, एकही कागद गहाळ होता कामा नये. पहिल्या पानावर, आपल्याला येते त्या भाषेत, काय केव्हा झाले ते चार ओळींत लिहावे. दुसऱ्या राज्यातील, दुसऱ्या भाषेतील डॉक्टरांसमोर रुग्ण उभा राहतो तेव्हा त्याच्या वतीने ती फाइलच बोलते. घरात असे दुखणे कधी येऊ नये अशीच आमची प्रार्थना आहे. आलेच, तर पहिली शस्त्रक्रिया कोठे आणि कोणाकडून, हा प्रश्न घाईने सोडवू नये. त्यासाठी आधी तुकड्याचा अहवाल हाती घ्यावा आणि मगच गाडीचे तिकीट काढावे.